ऑक्टोबरचं शहाणपण

‘मी तं पयलेच सांगेल व्हतं.’ नामपूरच्या बाजार समितीत लिलाव उरकल्यावर हिशेबपट्टी हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे वाक्य ऐकवणाऱ्यांची मला चीड आहे, आणि आज ती मी लपवणार नाही. आमच्या बागलाण तालुक्यात हे वाक्य अहिराणीत ऐकू येतं, नाशिकच्या कचेऱ्यांत प्रमाण मराठीत आणि दिल्लीच्या वाहिन्यांवर हिंदीत. काम सगळीकडे एकच करतं. ज्याचं नुकसान झालं त्याला गुन्हेगार ठरवतं, बोलणाऱ्याला फुकटात जाणकार बनवतं आणि ज्याच्या हुकमामुळं नुकसान झालं त्याला चर्चेतून सहीसलामत सोडवतं.

आधी दोन हंगाम शेजारी ठेवतो. २०२४ चा उन्हाळ कांदा निघाला तेव्हा निर्यातबंदी चालू होती. ४ मे २०२४ ला ती उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि वर ४० टक्के शुल्क लावून. मार्चअखेर सोसायटीचं कर्ज भरण्यासाठी ज्यांनी हातउसने घेतले होते, घरात लग्न होतं, ज्यांच्याकडे कांदा साठवायची चाळच नव्हती, त्यांनी मिळेल त्या भावात माल काढला. ज्यांनी चाळीत भरला त्यांना सप्टेंबरात क्विंटलला चार हजारांच्या आसपास आणि नोव्हेंबरात पाच हजारांच्या घरात भाव दिसला. गावानं निकाल दिला : साठवला तो शहाणा, विकला तो उतावळा.

मग आलं २०२५. १ एप्रिलपासून त्या ४० टक्क्यांतलं उरलेलं २० टक्के शुल्कही सरकारनं काढलं. निर्यात मोकळी झाली, आदल्या वर्षीचा भाव डोळ्यांसमोर होता, साठवणारा शहाणा हे गावानं ठरवूनच टाकलं होतं. चाळी गच्च भरल्या. पुढं काय झालं ते आमच्या मोसम खोऱ्यात कुणाला सांगायला नको. आपलं हक्काचं गिऱ्हाईक बांगलादेश, त्यानं आयातीचे परवाने बराच काळ अडवून धरले. भाव हजार-बाराशेच्या आसपास घुटमळत राहिला आणि पावसाळा सरता सरता त्याच्याही खाली गेला. चाळीतला माल मात्र थांबत नाही. आधी वजन तुटतं, मग सड लागते, काजळी धरते, शेवटी मोड येतात. सहा महिन्यांत तिसरा हिस्सा गेला तरी नवल नसतं. उरलेला निवडायला मजूर लावायचे, बारीक गोल्टी वेगळी, खराब खाद वेगळी, आणि ट्रॅक्टर लिलावाला उभा करायचा. व्यापारी ट्रॉलीतून दोन-चार कांदे उचलतो, बोटानं दाबून बघतो आणि पुकारा होतो. तेवढ्या वेळात सहा महिन्यांचा निकाल लागतो. गावाचा निकालही लगेच लागला : साठवला तो मूर्ख.

माणूस तोच. चाळ तीच. एप्रिलात त्याच्या हातात असलेली माहिती जवळपास तीच, उलट २०२५ मध्ये सरकारी धोरण आदल्या वर्षीपेक्षा अनुकूल. वर्षभरापूर्वी ज्या निर्णयासाठी त्याची पाठ थोपटली, त्याच निर्णयासाठी आज त्याला वेड्यात काढता. मग तुम्ही त्याच्या निर्णयाची परीक्षा कधी केलीच नाही. तुम्ही फक्त भाव वाचला आणि त्यावरून माणसाला गुण दिले.

हे मी हवेत बोलत नाही. २०२५ च्या एप्रिलात चाळी भरायला लागल्या तेव्हा मी एका चहाच्या टपरीवर शाळेची वही ठेवली. नाव लिहा, तारीख लिहा आणि दिवाळीला उन्हाळ कांदा काय भावानं जाईल तो आकडा लिहा, एवढंच मागणं. बरेच जण हसून टाळत होते. काहींनी लिहिलं. एका आबांनी मोठ्या अक्षरात तीन हजार लिहून खाली सही ठोकली. दिवाळीनंतर तिथंच त्यांची गाठ पडली. मी म्हटलं, ‘आबा, भाव पडला.’ आबा म्हणाले, ‘पडनारच व्हता. इतला माल भरेल व्हता चाळीस्मा.’ मी वही उघडून त्यांच्यासमोर धरली. ते पानाकडे बघत राहिले. ‘हाई मी लिखेल शे?’ त्यांनी विचारलं.

आबा खोटं बोलत नव्हते, हे मी ठासून सांगतो. एप्रिलात आपल्याला तीन हजारांची आशा होती हे त्यांना खरोखर आठवत नव्हतं. भाव पडल्याचं कळलं त्या क्षणी त्यांच्या मनानं एप्रिलच पुन्हा लिहून काढला, आणि नव्या एप्रिलात आबा पहिल्यापासून सावध होते. आबांचा राग मला नाही. ते कुणाच्या पोटावर पाय देत नाहीत. पण नेमकी हीच विसरभोळी मनं चौकशी समितीत बसतात, वसुलीला येतात, अग्रलेख लिहितात आणि अध्यादेश काढतात. तिथं मला गप्प बसता येत नाही.

माणसाच्या मनाची ही खोड पन्नास वर्षांपूर्वीच प्रयोगानं पकडली गेली आहे. बारूख फिशहॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये जेरुसलेमच्या विद्यापीठात शिकत असताना लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाची हकीकत वाचायला दिली. फार कुणाला ठाऊक नसलेलं युद्ध त्यानं मुद्दाम निवडलं होतं. एका गटाला शेवट सांगितला नाही. बाकीच्यांना वेगवेगळे शेवट सांगितले : कुणाला इंग्रज जिंकले म्हणून, कुणाला गुरखे जिंकले म्हणून, कुणाला काहीच निकाल लागला नाही म्हणून. मग विचारलं की ही हकीकत वाचून तुम्हाला कोणता शेवट संभवत होता? ज्याला जो शेवट सांगितला होता त्याला तोच जास्त संभाव्य वाटला. हकीकत सगळ्यांची एकच होती, तरी प्रत्येकाला तिच्यात आपापल्या शेवटाच्या खुणा सापडल्या. शेवट माहीत नसता तरी आपण हेच म्हटलं असतं, अशीही त्यांची खात्री होती. आपल्या मतावर निकालाचा रंग चढलाय याचा त्यांना पत्ताच नव्हता.

आपल्या टपरीवर वेगळं काय घडतं? बांगलादेशाचे परवाने, जास्त लागवड, चाळीतला साठा ही सगळी कारणं ऑक्टोबरात ओळीनं बाहेर येतात. त्यातली बरीचशी एप्रिलातही समोर पडलेली होती. पण त्याच ढिगात उलट दिशेची कारणंही होती : शुल्क गेलं, अवकाळीनं काही भागातला माल खराब झाला, आदल्या नोव्हेंबरात पाच हजार मिळाले. भाव चढला असता तर हीच कारणं ओळीनं बाहेर आली असती आणि बोलणारी तोंडंही हीच असती.

कांद्यापुरतंही हे नाही. बागलाण अर्ली द्राक्षांचा मुलूख. बाकीचा नाशिक जिल्हा ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी घेतो तेव्हा आमच्याकडे जून-जुलै-ऑगस्टातच छाटण्या उरकलेल्या असतात, म्हणजे नाताळाच्या आगेमागे, बाजारात दुसरा माल नसताना, आपला माल उतरतो. जोखीम उघड आहे : परतीचा पाऊस घडांवर पडला तर मणी तडकतात. बरीच वर्षं जोखीम घेणाऱ्यांना चांगले पैसे झाले. तेव्हा त्यांच्या बागांवर लोक बघायला यायचे, कृषी अधिकारी फोटो काढायचे, ‘प्रयोगशील शेतकरी’ म्हणून सत्कार व्हायचे. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरात पाऊस थांबेचना. वेलीवर मणी फुटले, कुजले, बागांत वास सुटला. त्यानंतर त्याच माणसांना काय ऐकावं लागलं? हाव. लवकर छाटायची कुणी सांगितली होती? अहो, तुमच्याच सत्काराच्या शालीनं सांगितली होती. डाळिंबावर तेल्या रोग आला तेव्हाही असंच झालं. बागा तोट्यात जाऊन उपटल्या गेल्या आणि ज्यांनी ‘भगवा वाण लावा’ म्हणून शिबिरं घेतली तेच एकाच पिकाच्या नादी लागल्याबद्दल उपदेश करू लागले.

मराठी माणसाला ही सवय जुनी आहे. सदाशिवरावभाऊ पानिपतावर हरले याला अडीचशेहून जास्त वर्षं झाली, तरी आपण त्यांना ओट्यावर बसून अजून शिकवतोय : जड तोफखाना नको होता, बिनलढाऊ बुणगे मागं ठेवायचे होते, सूरजमल जाटाचं ऐकायचं होतं. पण त्याच तोफखान्याच्या, तो सांभाळणाऱ्या त्याच इब्राहिमखान गारद्याच्या बळावर भाऊंनी १७६० मध्ये उदगीरला निजामाला नमवलं होतं. तेव्हा पुण्यात आनंद झाला होता. वर्षभरात तीच गोष्ट अक्कल गहाण टाकल्याचा पुरावा ठरली. भाऊंच्या चुका नव्हत्या असं मी म्हणत नाही. त्या चुका शोधायच्या तर १४ जानेवारी १७६१ ची संध्याकाळ विसरून शोधाव्या लागतात, आणि तेवढी तसदी आपण घेत नाही.

आता राजकारणाकडे येतो, कारण तिथं हा रोग बिनदिक्कत पैसा आणि प्रतिष्ठा कमावतो. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला. दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार लाखाच्या वर मतांनी पडल्या, बागलाण ज्यात येतो त्या आमच्या धुळे मतदारसंघात भाजपचे सुभाष भामरे पडले. त्याच संध्याकाळपासून सगळे एका सुरात बोलू लागले : कांद्यानं रडवलं, हे होणारच होतं. होणारच होतं तर तीन दिवस आधी, १ जूनच्या मतदानोत्तर चाचण्यांत, महाराष्ट्राचा अंदाज एवढा का फसला? कांद्याचा राग खरा होता. मी तो रस्त्यावर पाहिलाय, दिंडोरीत त्यानं काम केलं असणार हेही मानतो. पण धुळ्यात काय झालं ते तरी बघा. काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या. मतदारसंघातले सहापैकी पाच विधानसभा भाग भामऱ्यांच्या बाजूनं गेले होते, आणि ज्या बागलाणात कांद्याशिवाय पान हलत नाही तो बागलाण या पाचांतच होता. पारडं फिरवलं ते मालेगाव मध्यनं, सुमारे १ लाख ९४ हजारांच्या फरकानं. म्हणजे ज्या नामपूर-सटाण्याच्या कांद्याचं नाव घेऊन विश्लेषण झोडलं, त्या भागानं दिलेली मतंच कुणी बघितली नाहीत. गोष्ट सुरेख जुळली, कारण सापडलं, पुढं कोण मोजतो?

पाच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेचा निकाल आला. निर्यातीवर शुल्क तेव्हाही होतंच, २० टक्के. महायुतीला राज्यात २८८ पैकी २३० च्या वर जागा मिळाल्या, बागलाणात तिचेच दिलीप बोरसे लाखाहून जास्त मताधिक्यानं निवडून आले. त्याच वाहिन्या, तेच चेहरे, तोच ठामपणा : लाडकी बहीण योजना, हे होणारच होतं. जूनचा कांदा कुठं गेला हे विचारायला कुणी थांबलं नाही. जूनमध्ये एवढं स्वच्छ कळलेलं कारण नोव्हेंबरात बिनकामाचं का ठरलं, याचा जाब या मंडळींनी स्वतःला एकदाही विचारला नाही. या लोकांची फी ठरलेली असते आणि ती निकालानंतरच्या शहाणपणाबद्दलच मिळते.

टीव्हीवरच्या बडबडीनं फार तर कान किटतात. खरा घाव बसतो तो न्यायनिवाडा करणाऱ्यानं हा चष्मा चढवल्यावर. काही संशोधकांनी अमेरिकेत १९९५ मध्ये याची सरळ परीक्षा घेतली. पुरापासून शहर वाचवायला पुलावर माणूस नेमावा का, असं एका गटाला विचारलं. जवळपास तीन चतुर्थांश लोक म्हणाले, एवढा खर्च करण्याइतका धोका नाही. दुसऱ्या गटाला तीच माहिती देऊन सांगितलं की पूर आला, नुकसान झालं, आता ठरवा नगरपालिका निष्काळजी होती का. अर्ध्याहून जास्त लोकांनी तिला दोषी धरलं. माहितीत एका अक्षराचा फरक नव्हता.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाला हे कळतं. २००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात त्यानं डॉक्टरांबाबत स्पष्ट सांगितलं की निष्काळजीपणा ठरवताना घटनेच्या वेळी उपलब्ध असलेलं ज्ञान धरायचं, खटल्याच्या दिवशीचं नाही. डॉक्टरला हे संरक्षण मिळालं आणि ते योग्यच आहे. माझा सवाल एवढाच की जो माणूस सात-बारावर कर्ज काढून, आकाशाच्या आणि दिल्लीच्या भरवशावर निर्णय घेतो, त्याला हा न्याय कोण देणार?

सरकारनं काय दिलं ते सांगतो. २०२३ च्या फेब्रुवारीत लाल कांद्याचे भाव कोसळले. सोलापुरात एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांदा विकून हमाली-तोलाई वजा जाता दोन रुपयांचा धनादेश हातात पडला, ती बातमी देशभर गेली. मार्चमध्ये राज्य सरकारनं क्विंटलमागं साडेतीनशे रुपये, दोनशे क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान जाहीर केलं. आणि अट घातली : सात-बारावर ई-पीक पाहणीच्या ॲपमधून कांद्याची नोंद हवी. लागवड झाली होती काही महिने आधी. तेव्हा अनुदान नव्हतं, अट नव्हती. ॲप चालत नाही, रेंज नाही, म्हणून हजारोंची नोंद राहून गेलेली. त्या माणसांना मार्चमध्ये सांगण्यात आलं, नोंद करायला हवी होती. पुढं आरडाओरड झाल्यावर तलाठी वगैरेंच्या समितीमार्फत मार्ग काढावा लागला. पण ती अट लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते बघा. मार्चमधला नियम हिवाळ्यात माहीत नव्हता, हा त्याला शेतकऱ्याचा दोष वाटला.

घराघरात तर याहून वाईट चालतं. एक भाऊ म्हणतो विकू, दुसरा म्हणतो थांबू. भाव पडला की ज्याचं म्हणणं हरलं त्याची घरातली किंमत जाते. पुढच्या वर्षी तो तोंड उघडत नाही, बायकोच्या माहेरच्यांसमोर त्याचा उद्धार होतो, वाटण्यांची भाषा सुरू होते. आणि ज्या घरात शेतकऱ्यानं स्वतःचा जीव घेतला तिथं काय होतं, हे लिहिताना माझा हात जड होतो. मदतीची एक लाखाची फाईल जिल्हा समितीपुढं जाते, प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं. त्याआधी दारात बसलेल्या त्याच्या बायकोला सांत्वनाला आलेल्या बाया विचारतात, ‘तुला कळलं कसं नाही गं? गप्प गप्प राहायचा म्हणे.’ मृत्यू माहीत झाल्यावर त्याचं प्रत्येक गप्प बसणं खूण वाटतं. त्याच आठवड्यात त्या गावात भाव पडलेला प्रत्येक पुरुष गप्प होता. त्यांच्या बायकांना कुणी असं विचारत नाही, कारण त्यांचे नवरे जिवंत आहेत. जन्मभर त्या बाईनं ही टोचणी वागवायची, ती कुणी दिली? सांत्वनाला आलेल्यांनी दिली.

आता मला ठाऊक आहे की कुणीतरी विचारेल, मग कुणाला दोष द्यायचाच नाही का? द्यायचा. कडक द्यायचा. फक्त त्या दिवशी माणसाला काय माहीत होतं आणि काय सहज कळण्याजोगं होतं, ते धरून द्यायचा. ज्यानं शेवटपर्यंत युरिया ओढला, काढणीआधी पाणी तोडलं नाही, माना पडायच्या आधीच कांदा उपटला, पातीखाली तीन-चार दिवस शेतात सुकवला नाही, नाळ नीट न ठेवता ओलसर मानेचा माल चाळीत रचला, त्याचा कांदा सडला तर त्याला मी तोंडावर सुनावतो. हे त्याला भरायच्या दिवशी माहीत होतं. भाव चढला असता आणि त्याला पैसे झाले असते तरी त्याची भरणी चुकीचीच होती. २०२३ च्या एप्रिलात बागलाणात गारपीट झाली, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे पाहणीला आले, त्या माराचा कांदा टिकणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तरी कित्येकांनी तो चाळीत टाकला, कारण मेमध्ये बाजारातला भाव काढणीच्या मजुरीलाही पुरत नव्हता. त्यांना बोल लावण्याआधी मेचा तो भाव तुम्ही समोर ठेवायला हवा. नुसती सप्टेंबरातली सड दाखवून भागत नाही.

हाच काटा मी दिल्लीलाही लावतो, आणि सवलत द्यायची तिथं देतो. १९ ऑगस्ट २०२३ ला, शनिवारी, निर्यातीवर अचानक ४० टक्के शुल्क लागलं. तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदीतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरत होता. खरिपाचा कांदा येईल का, शहरात भाव भडकेल का, ही भीती त्या दिवशी खरी होती. मला तो निर्णय मान्य नाही, त्यानं आमच्या बाजार समित्या बंद पाडल्या, तरी तो घेणाऱ्याला समोर काय दिसत होतं हे मी नाकारणार नाही. पुढचं मात्र वेगळं आहे. २८ ऑक्टोबरला किमान निर्यात मूल्य ८०० डॉलर केलं आणि मुदत सांगितली ३१ डिसेंबर. ती संपायची वाटही बघितली नाही. ७ डिसेंबरला रात्रीतून थेट बंदी. कंटेनर बंदरात अडकले, लिलाव थांबले, चांदवडला रस्ता रोखला गेला. बंदीची मुदत सांगितली ३१ मार्च २०२४. फेब्रुवारीत बंदी उठल्याची बातमी सोडली गेली, भाव चढला, दोनच दिवसांत खुलासा आला की बंदी कायम आहे. आणि २२ मार्चला, मुदतीला नऊ दिवस उरलेले असताना, पुढील आदेशापर्यंत मुदतवाढ.

२२ मार्चला दिल्लीत कुणाला काय माहीत नव्हतं? उन्हाळ कांदा निघालाय हे माहीत होतं. शेतकऱ्यानं ३१ मार्चच्या तारखेवर लागवडीपासून हिशेब केलाय हे माहीत होतं. आपण दिलेली तारीख आपणच मोडतोय, हे तर सही करणाऱ्या हाताला नक्कीच माहीत होतं. इथं पश्चातबुद्धीचा प्रश्नच येत नाही, कारण कळण्याजोगं सगळं त्या दिवशी कळलेलं होतं. अंधारात होता तो नामपूरचा, साक्रीचा, काटवनातला शेतकरी, आणि चौकशी झाली त्याचीच. बाजाराचा अभ्यास करून पिकवायला शिका, असं आम्हाला व्याख्यानांतून सांगण्यात आलं. कसला अभ्यास? रात्री निघणाऱ्या अधिसूचनेचा अभ्यास कोणत्या कृषी विद्यापीठात शिकवतात?

ऑक्टोबरच्या शहाण्यांवर माझा राग एवढा का, त्याचं मूळ इथं आहे. भाव पडणारच होता, असं म्हटलं की तो पाऊस पडल्यासारखा पडला असं होतं. मग तो कुणी पाडला हे विचारायची गरजच उरत नाही. सगळा दोष ज्याला अंदाज आला नाही त्याच्या डोक्यावर. गावातला माणूस हे मोठेपणा मिरवायला म्हणतो, पण त्याचा फायदा त्याला होत नाही. तो होतो दिल्लीतल्या टेबलाला, जिथं एकाही नावाला कधी जाब विचारला गेलेला नाही.

शिकणंही या सवयीमुळं बंद होतं. २०२४ नं आपल्याला ‘साठवा’ शिकवलं, कारण आपण फक्त नोव्हेंबरचा भाव बघितला. त्या भावामागं किती वाटा आवकेचा, किती धोरणाचा, किती निव्वळ नशिबाचा, हे कुणी वेगळं केलं नाही. २०२५ आता आपल्याला ‘साठवू नका’ शिकवतंय. येत्या एप्रिलात धसक्यानं सगळे एकदम बाजारात उतरतील, आवक फुगेल, पडेल भावानं माल जाईल, आणि नंतर तेजी आली तर ज्यानं विकला त्याची पुन्हा शोभा होईल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कृषी खात्यानं आणि बाजार समित्यांनी एप्रिलात, चाळी भरायच्या आधी, आपला अंदाज कारणांसह लेखी लावावा, नाव आणि तारीख टाकून, आणि दिवाळीला तो कागद तिथंच राहू द्यावा. केंद्रानं निर्यातीचं धोरण लागवडीआधी जाहीर करावं आणि माल विकून होईपर्यंत मोडू नये. मोडलं तर फरकाची भरपाई द्यावी. अनुदानाच्या, विम्याच्या, कर्जाच्या चौकशीत पहिला प्रश्न हाच असावा की त्या दिवशी या माणसाला काय माहीत होतं. आणि टपरीवरच्या, कचेरीतल्या, वाहिनीवरच्या सगळ्या जाणकारांना मी जाहीर बोलावणं करतो. वही पुन्हा ठेवतोय. एप्रिलात या, दिवाळीचा भाव लिहा, खाली सही करा. ज्याचं पान कोरं असेल त्यानं ऑक्टोबरात माझ्या गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला अक्कल शिकवायला येऊ नये. मी आवारातच असेन, आणि पान उघडून दाखवीन.